तीन टायर २०५/५५, एक २०५/६०: एबीएस आणि ईएससीचे दिवे लागतात. दोष टायरचा की सेन्सरचा?

चाकोरीबाहेर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी सेडान, मूळ माप २०५/५५ आर १६. मागचा डावा टायर बाजूने फाटला. त्या मापाचा मिळेना म्हणून २०५/६० आर १६ बसवलाय, रिम तीच. बाकी तिन्ही जुने, एकाच कंपनीचे.

गाडी सुरू करताना सगळे दिवे नेहमीसारखे लागून विझतात. सरळ रस्त्यावर ५०-६० च्या वेगाने पाचसात मिनिटं गेलं की एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा), दोन्ही पिवळे दिवे लागतात. बंद करून सुरू केली की गायब. स्कॅनरवर 'मागचा डावा व्हील स्पीड सेन्सर, सिग्नल विसंगत' असा कोड येतो. सेन्सर बदला, असा सल्ला मिळालाय.

सेन्सर बदलायचा का? दिवे लागलेले असताना नक्की काय काय बंद असतं? आणि योग्य टायर मिळेपर्यंत एबीएसचा फ्यूज काढून ठेवला तर?

---

झीरो_टू_टॉप

दोन्ही मापांच्या व्यासात ३ टक्क्यांच्या आसपास फरक निघतो. माप बदलताना ३ टक्क्यांपर्यंत चालतं असा सगळीकडे मानला जाणारा नियम आहे, त्यामुळे टायर काठावर पास. मला तरी सेन्सरचीच शंका येते. कोडही तेच म्हणतोय.

---

घेरमाप

३ टक्क्यांचा नियम खरा, पण तो इथे लागू नाही. तो आहे चारही टायर एकदम बदलताना नवं माप जुन्या मापापासून किती लांब जाऊ द्यायचं यासाठी. एकाच गाडीवरची चार चाकं एकमेकांपासून किती वेगळी चालतील, हा निराळाच प्रश्न आहे. एबीएसच्या कंट्रोलरला तुमच्या टायरवर काय छापलंय ते दिसत नाही. त्याला फक्त चार चाकांचे फेरे कळतात, आणि तो ते एकमेकांशी ताडून बघतो.

आधी आकडे. २०५/५५ आर १६ मध्ये बाजूच्या भिंतीची उंची टायरच्या रुंदीच्या, २०५ मिमीच्या, ५५ टक्के, म्हणजे ११२.७५ मिमी. दोन भिंती आणि १६ इंची रिमचे ४०६.४ मिमी धरून व्यास ६३१.९ मिमी. २०५/६० चा व्यास त्याच हिशेबाने ६५२.४ मिमी. फरक ३.२४ टक्के. म्हणजे तुमचं मागचं डावं चाक तेवढ्याच अंतरात बाकीच्यांपेक्षा कमी फेरे मारतं, आणि कंट्रोलर 'कमी फेरे' याचा एकच अर्थ जाणतो: हे चाक हळू चाललंय.

आता गंमत बघा. मागच्या दोन चाकांच्या वेगातला फरक भागिले त्यांच्यातलं आडवं अंतर, यातून गाडी किती वळतेय हे काढता येतं. अंतर दीड मीटर धरा. डावं चाक कायम ३.२४ टक्के हळू असेल तर मागच्या चाकांच्या मते तुमची गाडी सतत ४६ मीटर त्रिज्येच्या डाव्या वळणावर आहे. ८० च्या वेगात असं वळण घ्यायचं तर १ जी (गुरुत्वाकर्षणाएवढं) पेक्षा जास्त बाजूचं त्वरण लागेल, जे साध्या टायरवर साध्या सेडानला झेपतच नाही. त्याच वेळी स्टिअरिंगचा सेन्सर म्हणतो सरळ, यॉ सेन्सर (गाडीचं तोंड किती वळतंय ते मोजणारा) म्हणतो सरळ, बाजूच्या त्वरणाचा सेन्सर म्हणतो शून्य, आणि पुढची दोन्ही चाकंही सरळ. सगळे एकीकडे आणि मागचं डावं एकटं दुसरीकडे. कंट्रोलर त्या एकट्याला खोटं ठरवतो. कोडमध्ये सेन्सरचं नाव येतं ते एवढ्यामुळेच. सेन्सर बिचारा खरं तेच सांगतोय. तो बदलणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

दिवे लगेच न लागता पाचसात मिनिटांनी का लागतात, याचंही उत्तर यातच आहे. चावी फिरवल्यावर होते ती फक्त विजेची तपासणी: तार तुटली आहे का, शॉर्ट आहे का, पंप आणि व्हॉल्व्हना प्रवाह मिळतो का. त्यात तुमची गाडी पास होते. चाकांच्या वेगाची एकमेकांशी पडताळणी व्हायला गाडी पळावी लागते, आणि फरक ठराविक वेळ टिकून राहावा लागतो.

कंट्रोलर थोडा फरक खपवून घेतो, घ्यावाच लागतो. नवीन टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते, १.६ वर टायर बाद. तेवढ्या झिजेने व्यास १२.८ मिमीने घटतो, म्हणजे तुमच्या मापात २ टक्के. त्यात हवेचा फरक, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या एकाच मापाच्या टायरमध्ये असणारा थोडाफार फरक. म्हणून सरळ रस्त्यावर, ब्रेक न लावता, एकसारख्या वेगात चालताना कंट्रोलर प्रत्येक चाकासाठी एक दुरुस्ती-गुणक शिकत राहतो. त्या शिकण्याला मर्यादा असते, आणि ती प्रत्येक गाडीत वेगळी. तुमचा टायर मर्यादेच्या बाहेर गेलाय, म्हणून दिवा. खरं तर दिवा लागतोय हे बरं आहे. काठावरच्या फरकात दिवा लागत नाही, पण त्या चाकाचे हिशेब चुकत राहतात.

---

तेलकट हात

वरच्या प्रतिसादाशी सहमत. दिवा लागलेला नसताना ब्रेक मारला तर काय होतं ते लिहितो, कारण मोठा टायर आणि छोटा टायर यांचे परिणाम उलटे असतात.

मागे एकच मोठा टायर: ते चाक आधीच घसरतंय असं दिसतं. एबीएस साधारण १० ते २० टक्के घसरण (चाक गाडीच्या वेगापेक्षा जेवढं हळू फिरतं ते) राखायचा प्रयत्न करतं, त्यातले तीन टक्के फुकटच खर्ची पडले. शिवाय बहुतेक गाड्यांत मागच्या दोन चाकांना जो दाब जातो तो दोघांतलं जे चाक हळू दिसतं त्याच्या हिशेबाने. म्हणजे एका मोठ्या टायरमुळे मागचे दोन्ही ब्रेक लवकर हात आखडते घेतात. पुढच्या-मागच्या दाबाची वाटणी करणारं ईबीडीही तसंच वागतं. गाडी सरळ राहते, पण थांबायला जास्त अंतर घेते.

मागे छोटा टायर: हे जास्त वाईट. चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरतंय असं दिसतं, म्हणून प्रत्यक्षात १५ टक्के घसरत असेल तर कंट्रोलरला ११-१२ दिसतात. मागचे ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाब धरून ठेवतात. ओल्या वळणावर मागची चाकं आधी सुटली की शेपूट फिरते, आणि मग ईएससीला ते सावरायला धावावं लागतं, तेही त्याच चुकीच्या वेगाच्या आकड्यावर.

एक छोटं चाक आणखी एक घोळ घालतं. जोरात ब्रेक दाबल्यावर चारही चाकं थोडीफार घसरत असतात, मग गाडीचा खरा वेग काढायचा कशावरून? ढोबळमानाने सगळ्यात जोरात फिरणाऱ्या चाकावरून. ते चाक नेमकं छोटं असेल तर गाडीचा वेगच जास्त धरला जातो आणि बाकीची तिन्ही चाकं घसरल्यासारखी दिसू लागतात.

फ्यूजबद्दल: काढू नका. दोन पिवळे दिवे लागलेले असतात तेव्हा एबीएस, ईएससी आणि ट्रॅक्शन कंट्रोल (ओढणारी चाकं जागच्या जागी फिरू न देणारी सोय) बंद असतं, पण साधे हायड्रॉलिक ब्रेक पूर्ण चालतात, आणि बऱ्याच गाड्यांत ईबीडी शिल्लक राहिलेल्या सिग्नलवर चालू राहतं. फ्यूज काढला की ईबीडीही जातं. त्याची खूण म्हणजे पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागतो. तो लागला की जोरात ब्रेक मारताना मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात, आणि रिकाम्या गाडीत तर फारच सहज. आजच्या स्थितीपेक्षा ते वाईट.

---

पाना_नंबर_१७

अंदाज कशाला, मोजून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. लागतं काय तर खडू, मोजपट्टी, हवेचा गेज आणि नक्षीची खोली मोजायचा गेज.

टायर थंड असताना चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. मग प्रत्येक टायरची नक्षी आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत मोजा. सपाट जागेवर स्टिअरिंग सरळ ठेवून, जिथे टायर जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा. गाडी सरळ ढकला, टायरवरची खूण पाचव्यांदा तळाला आली की जमिनीवर दुसरी खूण. दोन खुणांतलं अंतर भागिले पाच. एकाच फेऱ्यावर भागवू नका, त्यात खडूच्या रेघेची जाडीच चूक ठरते. आणि चाक जॅकवर उचलून फीत गुंडाळू नका. वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे फिरताना कापलेलं अंतर π गुणिले व्यास याच्यापेक्षा कमी भरतं. रेडियल टायरला व्यास गुणिले ३.०५ हा आकडा धरतात: २०५/५५ ला १,९२७ मिमी, २०५/६० ला १,९९० मिमी.

दुसरं, स्कॅनरमध्ये एबीएसचा लाइव्ह डेटा उघडा आणि चारही चाकांचे वेग एका पडद्यावर घ्या. गाडी एकाने चालवायची, वाचायचं दुसऱ्याने. सरळ सपाट रस्त्यावर ४०, ६० आणि ८० ला, ब्रेक न लावता, प्रत्येक वेळी दहा सेकंद स्थिर. पुढच्या चाकांच्या तुलनेत मागच्या डाव्याचं गुणोत्तर काढा. तिन्ही वेगांना गुणोत्तर तेच आलं तर दोष टायरचा. सेन्सर किंवा त्याच्यासमोर चाकासोबत फिरणारी दात्यांची रिंग बिघडली असेल तर असं नेमस्त वागत नाही. आकडा मध्येच शून्यावर पडतो, खूप कमी वेगात गायब होतो, नाहीतर दर फेऱ्याला एकदा झटका देतो. शेवटचं लक्षण तडकलेल्या रिंगचं.

तरीही शंका राहिली तर मागची दोन चाकं डावीउजवी बदला. दोष चाकासोबत उजवीकडे गेला तर टायर, जागेवरच राहिला तर सेन्सर, बेअरिंग किंवा रिंग. टायर दिशादर्शक असेल, म्हणजे बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर एवढ्या चाचणीपुरतं उलटं चालेल, कोरड्या रस्त्यावर, आणि झालं की लगेच परत.

आणखी एक. मागचं हब किंवा बेअरिंग कधी बदललं असेल तर तेही तपासा. बऱ्याच गाड्यांत दात्यांच्या रिंगऐवजी चुंबकीय पट्टा असतो, तो बेअरिंगच्या सीलमध्येच. बेअरिंग उलटं बसलं तर सिग्नल येतच नाही. ४८ ऐवजी ४४ दातांची रिंग बसली तर फरक ८ टक्क्यांच्या पुढे दिसतो, आणि तोही अगदी स्थिर. अशा वेळी गुणोत्तर टायरसारखं वागतं पण खडूची खूण काही दाखवत नाही. म्हणून दोन्ही चाचण्या करा.

---

चाकोरीबाहेर

मोजलं. हवा स्टिकरप्रमाणे. पाच फेऱ्यांचं अंतर, मीटरमध्ये: पुढचा डावा ९.५५, पुढचा उजवा ९.५४, मागचा उजवा ९.५८, मागचा डावा ९.९६. नक्षी त्याच क्रमाने ४.०, ४.०, ५.५ आणि ८.० मिमी.

स्कॅनर: पुढची चाकं ४०.० तेव्हा मागचं डावं ३८.३, ६०.० ला ५७.५, ८०.० ला ७६.७. मागचं उजवं पुढच्यांच्या जवळपास बरोबर. हब-बेअरिंग मूळचंच आहे.

---

पाना_नंबर_१७

गुणोत्तर तिन्ही वेगांना ०.९५८, आणि खडूनेही ९.५४५ भागिले ९.९६ म्हणजे तेच. सेन्सर निर्दोष. त्याला हात लावू नका.

पण आकडे नीट बघा. कागदावर फरक ३.२४ टक्के होता. जमिनीवर मागच्या दोघांत ४.० आणि पुढच्यांशी ४.३ निघाला. तुमचा मोठा टायर नवा आहे, बाकीचे झिजलेले, त्यामुळे झीज मापातल्या फरकावर चढली. उलट झालं असतं, म्हणजे झिजलेला २०५/६० आणि बाकीचे नवे, तर कदाचित दिवा लागलाच नसता, आणि तुम्हाला कळलंही नसतं.

---

झीरो_टू_टॉप

मग ३ टक्क्यांबद्दलचं माझं म्हणणं मागे. पण एक विचारतो: मागे उजवीकडेही २०५/६० टाकला तर? डावंउजवं जुळेल, ते वळणाचं भूत जाईल.

---

घेरमाप

ते भूत जाईल, दुसरं बसेल. मग मागची दोन्ही चाकं पुढच्यांपेक्षा चार टक्क्यांनी हळू. तुमच्या गाडीत पुढची चाकं ओढतात, तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोलला दिसणार की पुढची चाकं कायम चार टक्के फिरकी घेतायत. चढावर किंवा ओल्यात ते विनाकारण इंजिनची ताकद कापेल, आणि मागचे ब्रेक लवकर ढिले पडतील ते वेगळंच. शिवाय गाडीची मागची बाजू सेंटीमीटरभर वर उचलली जाते.

चारही २०५/६० केले तर चाकांची एकमेकांशी भांडणं संपतात, पण वेगदर्शक मागे पडतो. काट्यावर ८० असताना खरे ८२-८३. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या नियम ३९ मध्ये दाखवलेला वेग खऱ्यापेक्षा कमी असून चालत नाही, म्हणून कंपन्या काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात. ती सवलत हा टायर खाऊन टाकतो. काही गाड्यांत एबीएसच्या कोडिंगमध्ये टायरचा घेर निवडता येतो, पण तो चारही चाकांसाठी एकच. एका चाकासाठी वेगळा घेर भरायची सोय नसते.

रुंदी वेगळी म्हणजे बिघाड, असाही गैरसमज नको. कारखान्यातूनच पुढे २२५/४० आर १८ आणि मागे २५५/३५ आर १८ लावलेल्या गाड्या असतात. व्यास ६३७.२ आणि ६३५.७ मिमी, फरक पाव टक्का. इलेक्ट्रॉनिक्सला घेर जुळला की पुरे. रुंदीचा प्रश्न पकडीचा.

---

तेलकट हात

तुमच्यासाठी उपाय: मागे २०५/५५ आर १६ ची नवी जोडी, भार निर्देशांक आणि वेगाचं अक्षर स्टिकरवर असेल तेच किंवा वरचं. मागच्या उजव्याचा ५.५ मिमीचा टायर स्टेपनीला ठेवा. नवी जोडी मागेच बसवायची, गाडी पुढच्या चाकांवर चालत असली तरी. पाण्यावरून मागची चाकं आधी तरंगली तर ती सावरणं कठीण. पुढे ४ मिमी, मागे ८, म्हणजे व्यासात ८ मिमी, सव्वा टक्का. एवढं कंट्रोलर सहज शिकतो.

जोडी घ्यायची नसेल तर एकटा नवा २०५/५५ मागच्या डाव्यालाही चालेल. उजव्याशी २.५ मिमीचा फरक, व्यासात ५ मिमी, ०.८ टक्के. मात्र ही मुभा दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीला. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत एवढ्या फरकावरही पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा मधला क्लच सतत घसरत राहतो, तापतो, आणि त्याचा खर्च टायरच्या कितीतरी पट. तिथे चारही टायर एकत्र बदलायचे, किंवा नवा टायर बाकीच्यांच्या खोलीपर्यंत तासून घ्यायचा.

तोवर गाडी न्यावीच लागली तर स्टेपनी बघा. पूर्ण मापाची असेल तर आजच तीच लावा.

---

चाकोरीबाहेर

स्टेपनी बारकी, टी १२५/८० आर १६. आणि टायरमधली हवा कमी झाली की लागणारा दिवाही आहे गाडीत, पण तो या सगळ्यात एकदाही लागला नाही. तो कसा काय गप्प?

---

घेरमाप

१२५/८० चा व्यास ६०६.४, म्हणजे मूळ मापापेक्षा ४ टक्के लहान. मात्र तुमचे जुने टायर झिजलेत, त्यामुळे प्रत्यक्ष फरक त्याहून कमी भरेल. बऱ्याच कंट्रोलरमध्ये 'एक चाक एवढ्याने छोटं' ही ओळख आधीच घातलेली असते, म्हणून बारक्या स्टेपनीवर दिवा न लागता गाडी चालू शकते. तरी ती टायरच्या दुकानापर्यंतच, तिच्यावर लिहिलेल्या वेगात, बहुतेकदा ८० च्या आत. हवा तिच्यावर छापलेली भरा, अनेकदा ४.२ बार, म्हणजे ६० पीएसआय. पुढचा टायर पंक्चर झाला तर चांगलं चाक मागून पुढे घ्या आणि स्टेपनी मागे लावा, म्हणजे डिफरन्शियलवर (पुढच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर) ताण येत नाही.

हवेच्या दिव्याचं: चाकात सेन्सर नसतील, म्हणजे तुमची प्रणाली एबीएसच्याच फेऱ्यांवरून हवा ओळखत असेल, तर कमी हवेचं चाक किंचित लहान होऊन जास्त फेरे मारतं, हे ती शोधते. पाव हिस्सा हवा गेली तरी हा बदल टक्क्याच्याही आतला. तुमचं मागचं डावं चाक चार टक्के मोठं. त्यातली हवा गेली तर ते लहान होऊन बाकीच्यांच्या जवळच सरकतं, बिघडण्याऐवजी सुधारल्यासारखं दिसतं. शिवाय एबीएसचा कोड असताना ही प्रणाली बहुधा मोजणंच थांबवते. तेव्हा त्या चाकाची हवा रोज गेजने बघा.

नवे टायर बसले की क्रम असा: थंड टायरमध्ये हवा, स्कॅनरने कोड पुसणं, हवेच्या दिव्याचं रीसेट, मग वेगवेगळ्या वेगांत सरळ रस्त्यावर अर्धा तास. रीसेट हवा भरण्याआधी केलं तर ती चुकीच्या हवेलाच बरोबर समजून बसेल.

---

पाना_नंबर_१७

त्यात एक भर. कोड पुसायच्या आधी कोडसोबत साठवलेला फ्रीझ फ्रेम डेटा लिहून ठेवा, वेग आणि चारही चाकांचे आकडे. नवीन जोडीनंतर चुकून पुन्हा दिवा लागला तर ताडून बघायला ते लागतील. आणि काढलेला २०५/६० स्टेपनीच्या जागी टाकू नका, नाहीतर पुढच्या पंक्चरला हाच धागा परत वर येईल.